चाव्या कोणाच्या ताब्यात होत्या? ताज महाल हॉटेल प्रकरण आणि पाहुण्याच्या मौल्यवान वस्तूंची जबाबदारी

१ ऑगस्ट १९९८ च्या रात्री अकराच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या मारुती झेन गाडीने नवी दिल्लीतील ताज महाल हॉटेलात आले. (हे नाव ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अपोलो बंदरावरची वास्तू उभी राहते, हे प्रकरण तिचे नव्हे, दिल्लीच्या मानसिंग रोडवरील हॉटेलचे आहे.) दारातच त्यांनी गाडी आणि तिच्या चाव्या हॉटेलच्या वॅले कर्मचाऱ्याकडे सोपवल्या, पार्किंगचे टॅग घेतले आणि ते आत गेले. रात्री एकच्या सुमारास बाहेर येऊन त्यांनी गाडी मागितली, तेव्हा ती दुसराच कोणीतरी घेऊन गेल्याचे त्यांना सांगण्यात आले.

घडले होते ते असे. तीन तरुण स्वतःच्या गाडीने हॉटेलात आले होते. काही वेळ आत थांबून ते बाहेर पडले आणि त्यांनी आपली गाडी पोर्चमध्ये आणून देण्यास सांगितले. त्या गडबडीत त्यांच्यापैकी एकाने डेस्कवर असलेल्या झेनच्या चाव्या उचलल्या, तो सरळ पार्किंगमध्ये गेला आणि गाडी सुरू करून निघाला. सुरक्षारक्षकाने अडवण्याचा प्रयत्न केला, पण गाडी भरधाव निघून गेली. पोलिसांत तक्रार नोंदवली गेली. गाडी मात्र शेवटपर्यंत सापडली नाही.

या चोरीत कुलूप फोडले गेले नाही की काच फुटली नाही. चोराला लागणारी एकमेव गोष्ट, म्हणजे चावी, हाताशी पडलेली होती. हॉटेलात होणाऱ्या बहुतेक चोऱ्यांचा विचार करताना ही बाब लक्षात ठेवावी लागते, कारण तेथे प्रश्न कुलूप किती भक्कम होते हा क्वचितच असतो. कुलूप उघडण्याचे साधन कोणाकोणाच्या हाती होते, हा असतो. दागिने, रोकड, लॅपटॉप, पासपोर्ट अशा वस्तूंबद्दल लिहिताना गाडीचे प्रकरण निवडण्याचे कारणही हेच आहे. पाहुण्याच्या वस्तूला हॉटेल कधी, किती आणि कोणत्या आधारावर जबाबदार असते, याची सविस्तर मांडणी सर्वोच्च न्यायालयाने या गाडीच्या निमित्ताने केली, आणि ती मांडणी खोलीतल्या बॅगेला कुठवर लागू पडते आणि कुठे अपुरी पडते, हे पाहण्यासारखे आहे.

टॅगवरची अट

गाडीमालकाच्या हाती दिलेल्या टॅगवर एक अट छापलेली होती. तिचा आशय असा, की गाडी पाहुण्याच्या विनंतीवरून, त्याच्याच जोखमीवर आणि जबाबदारीवर उभी केली जात आहे. ती हरवली, चोरीस गेली किंवा तिचे नुकसान झाले, तर व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही आणि पाहुण्याला कोणताही दावा करता येणार नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही लॉजच्या काउंटरमागे, मंगल कार्यालयाच्या भिंतीवर आणि खोलीच्या दाराला आतून चिकटवलेल्या नियमावलीत हेच वाक्य थोड्याफार फरकाने वाचायला मिळते: आपल्या मौल्यवान वस्तू आपण सांभाळाव्यात, हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. हे वाक्य वाचून बहुतेक लोक गप्प बसतात, आणि ते लिहिण्यामागचा उद्देशही तोच असतो.

गाडीचा विमा युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीकडे होता. कंपनीने २,८०,००० रुपयांचा दावा मंजूर करून रक्कम दिली. त्या बदल्यात गाडीमालकाने हॉटेलकडून वसुली करण्याचा आपला हक्क कंपनीकडे सोपवणारी कागदपत्रे करून दिली, ज्याला विम्याच्या व्यवहारात सब्रोगेशन म्हणतात. त्यानंतर कंपनी आणि गाडीमालक यांनी मिळून दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगात हॉटेलविरुद्ध तक्रार केली. तिथे पहिलीच अडचण आली ती हॉटेलच्या जबाबदारीची नव्हे, तर तक्रारदाराच्या ओळखीची: हक्क विकत घेतल्यासारखी पुढे आलेली विमा कंपनी ‘ग्राहक’ कशी, असे म्हणून आयोगाने तक्रार फेटाळली. राष्ट्रीय आयोगाने, सर्वोच्च न्यायालयाच्या चरण स्पिनिंग मिल्सच्या २०१० च्या निकालाचा आधार घेऊन, हे मत बाजूला सारले आणि प्रकरण परत पाठवले. दुसऱ्या फेरीत राज्य आयोगाने हॉटेलला २,८०,००० रुपये, त्यावर मार्च १९९९ पासून १२ टक्के व्याज, ५०,००० रुपये दाव्याचा खर्च आणि गाडीमालकाला झालेल्या मनस्तापाबद्दल वेगळे १ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये व्याज ९ टक्क्यांवर आणले आणि बाकी आदेश कायम ठेवला. हॉटेलचे अपील सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी फेटाळले. न्या. मोहन शांतनगौडर आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठापुढे हे प्रकरण होते.

चोरीपासून अंतिम निकालापर्यंत २१ वर्षे लागली. गाडीमालकाला मात्र गाडीच्या किमतीसाठी इतके थांबावे लागले नाही, कारण ती विम्याने भरून दिली होती. २१ वर्षे थांबली ती विमा कंपनी. कायदेशीर चर्चेत हा तपशील सहसा एका ओळीत उरकला जातो. पण ज्याची वस्तू गेली त्याच्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेला कागद निकालपत्र नसून विम्याची पॉलिसी होती, हे नाकारता येत नाही.

जुना इंग्रजी नियम आणि न्यायालयाने घेतलेली वाट

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात सराईवाल्यावर फार कडक जबाबदारी होती. त्या काळी प्रवास धोक्याचा, रस्ते वाटमाऱ्यांचे, आणि काही सराईवालेच लुटारूंना सामील असत. मुक्कामाला आलेल्या माणसाला तो संगनमत सिद्ध करता येणे शक्य नव्हते. म्हणून नियम असा झाला, की सराईच्या आवारात आलेली पाहुण्याची वस्तू गेली तर सराईवाल्याने भरून द्यायची, चूक त्याची असो वा नसो. दैवी आपत्ती, शत्रूचे आक्रमण किंवा खुद्द पाहुण्याचाच हलगर्जीपणा, एवढेच अपवाद होते. १५८४ च्या कॅलीच्या खटल्यात याची मांडणी झाली. त्या खटल्यातली वस्तू होती घोडा. पाहुण्याच्या सांगण्यावरून घोडा बाहेर कुरणात चरायला सोडला आणि तो चोरीला गेला. न्यायालय म्हणाले, की पाहुण्याच्याच विनंतीवरून घोडा आवाराबाहेर गेला असल्यामुळे सराईवाला जबाबदार नाही, मात्र सराईवाल्याने आपल्या मर्जीने तो बाहेर सोडला असता तर जबाबदार ठरला असता. ‘पाहुण्याच्या विनंतीवरून’ हे शब्द चारशेहून अधिक वर्षांनी दिल्लीतल्या पार्किंगच्या टॅगवर पुन्हा भेटतात, तेव्हा टॅगचा मजकूर कोणत्या परंपरेतून आला असावा याचा अंदाज येतो.

इंग्लंडने स्वतः हा नियम पुढे सौम्य केला. १९५६ च्या हॉटेल प्रोप्रायटर्स कायद्याने वाहने आणि त्यांतील सामान या कडक जबाबदारीतून वगळले, आणि ठरावीक सूचनाफलक लावलेला असल्यास इतर वस्तूंसाठी एका नगाला ५० पौंड व एका पाहुण्याला एकूण १०० पौंड अशी मर्यादा घातली. ही मर्यादा दोन प्रसंगी उठते: हॉटेलच्या किंवा त्याच्या नोकरांच्या कसुरीमुळे वस्तू गेली असेल तेव्हा, आणि वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून हॉटेलच्या हवाली केली असेल तेव्हा. फ्रान्सच्या नागरी संहितेतही असेच आहे: खोलीतून चोरी झाल्यास साधारणपणे खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या १०० पट रकमेपर्यंत जबाबदारी, पण वस्तू हॉटेलकडे सोपवली असल्यास मर्यादाच नाही. युरोपच्या सहलीला जाणाऱ्या मंडळींनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे, की खोलीत ठेवलेल्या आणि काउंटरवर सोपवलेल्या वस्तूंना तिथला कायदा दोन वेगळ्या मापांनी मोजतो.

भारतात हॉटेलच्या जबाबदारीचा असा स्वतंत्र कायदा नाही. विमा कंपनीच्या बाजूने इंग्रजी नियमाचा आधार घेतला गेला होता. तो जसाच्या तसा स्वीकारायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. चूक असो वा नसो हॉटेलच जबाबदार, इतके टोक न्यायालयाला मान्य झाले नाही. पण ‘हॉटेलचा हलगर्जीपणा पाहुण्याने सिद्ध करावा’ हे दुसरे टोकही त्याने नाकारले. मधली वाट अशी: वस्तू हॉटेलच्या ताब्यात दिली होती आणि ती परत मिळाली नाही, एवढे पाहुण्याने दाखवले की हॉटेलचा हलगर्जीपणा प्रथमदर्शनी गृहीत धरला जाईल, आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचे ओझे हॉटेलवर जाईल.

या वाटेचे खरे मोल पुराव्याच्या अंगाने पाहिले की कळते. चाव्या कुठल्या खणात ठेवायच्या, डेस्कवर कोण हजर असायचे, रात्रपाळीला किती माणसे होती, कॅमेरे कुठे होते, ही सगळी माहिती हॉटेलजवळ असते. पाहुणा त्या वेळी वर जेवत असतो किंवा झोपलेला असतो. ज्याच्याजवळ माहिती आहे त्यानेच उत्तर द्यावे, हा यामागचा साधा विचार आहे.

ताबा, मोबदला आणि काळजीचे माप

या सगळ्याचा पाया भारतीय करार कायदा, १८७२ मधील बेलमेंटच्या तरतुदींत आहे. एखादी वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाल्यावर ती परत मिळायची, असा व्यवहार म्हणजे बेलमेंट. कलम १४८ त्याची व्याख्या करते. कलम १४९ प्रमाणे ताबा प्रत्यक्ष वस्तू हातात देऊनच दिला पाहिजे असे नाही. ज्या कृतीने वस्तू समोरच्याच्या ताब्यात जाते ती कोणतीही कृती चालते. गाडीची चावी देणे ही अशी कृती आहे. कलम १५१ सांगते, की सामान्य शहाणा माणूस तशाच प्रकारच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी ताबा घेणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम १५२ सांगते, की वेगळा करार नसेल तर, तितकी काळजी घेतल्यावरही वस्तू गेल्यास तो जबाबदार नाही.

हॉटेलने दोन मुद्दे मांडले. पहिला, वॅलेची सेवा विनामूल्य होती. न्यायालयाने तो मान्य केला नाही. खोलीचे भाडे, खाण्यापिण्याचे दर, प्रवेशशुल्क यांत अशा सेवांची किंमत मिसळलेलीच असते, आणि या सोयीमुळे हॉटेलकडे ग्राहक येतात. तेव्हा मोबदला नाही असे म्हणता येत नाही. खोलीतल्या तिजोरीवर ‘मोफत सुविधा’ असे लिहिलेले असते, तेव्हा हा युक्तिवाद आठवावा.

दुसरा मुद्दा टॅगवरच्या अटीचा, आणि तो अधिक खोल होता. कलम १५२ मध्येच ‘वेगळा करार नसेल तर’ असे शब्द आहेत. मग टॅग हा वेगळा करार का मानू नये? न्यायालयाचे उत्तर असे, की हॉटेलच्या किंवा त्याच्या नोकरांच्या स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशा अटीने झटकता येत नाही. कलम १५१ ने घालून दिलेले काळजीचे माप हे किमान माप आहे, आणि छापील वाक्याने ते शून्यावर आणता येणार नाही. अट पूर्णपणे निरर्थक आहे असेही न्यायालय म्हणाले नाही. तिसऱ्याच व्यक्तीमुळे, आपत्तीमुळे किंवा पाहुण्याच्या स्वतःच्या चुकीमुळे नुकसान झाले, तर अट हॉटेलच्या कामी येऊ शकते. मात्र त्याआधी आपण आपल्या वाट्याची काळजी घेतली होती, हे हॉटेलला दाखवावे लागते. चाव्या कोणाच्याही हाताला लागतील अशा ठेवल्या आणि एक अनोळखी तरुण त्या उचलून पार्किंगपर्यंत गेला, याचे समाधानकारक स्पष्टीकरण हॉटेलकडे नव्हते. तिथेच प्रकरण संपले.

निकाल वाचताना एक मर्यादा मात्र सतत समोर ठेवावी लागते. न्यायालयाने जबाबदारी बसवली ती ताबा दिला गेला म्हणून. पाहुण्याने गाडी स्वतः उभी केली आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली, तर तो केवळ जागा वापरण्याचा परवाना ठरू शकतो. ते बेलमेंट आहे की नाही, हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर ठरेल. आवारात येणे आणि ताब्यात येणे यांत कायदा अंतर ठेवतो.

पार्किंगमधून खोलीत

आता गाडीच्या जागी दागिन्यांचा डबा ठेवून पाहू. आपल्याकडे हॉटेलात मोठ्या किमतीचे सोने नेले जाते ते बहुधा लग्नासाठी. वरपक्ष किंवा वधूपक्ष दोन दिवसांसाठी पंधरा-वीस खोल्या घेतो. मुहूर्ताला घालायचे तोडे, पाटल्या, राणीहार एका सुटकेसमध्ये असतात, आणि संध्याकाळी स्वागत समारंभात जमलेल्या आहेराच्या पाकिटांची बॅग कोणा मावशीच्या खांद्यावर असते. ही सुटकेस कपाटात ठेवून, दाराला कार्ड लावून सगळे खाली मांडवात जातात.

या सुटकेसचा ताबा कोणाकडे आहे? खोली भाड्याने घेतलेली आहे, तिचे कार्ड कुटुंबाकडे आहे, बॅगेची चावी कोणाच्या तरी पर्समध्ये आहे. मद्रास उच्च न्यायालयात १९३० च्या दशकात कलियापेरुमल पिल्लै विरुद्ध विशालाक्ष्मी असा एक खटला झाला होता, तो इथे फार उद्बोधक आहे. एका स्त्रीने जुने दागिने मोडून नवे घडवण्यासाठी सोनाराकडे दिले. दिवसभर सोनार काम करी. संध्याकाळी ती अर्धवट घडलेले दागिने परत घेई, एका पेटीत ठेवी, पेटीला कुलूप लावी आणि चावी स्वतःबरोबर नेई. पेटी मात्र सोनाराच्याच खोलीत राही. एका रात्री दागिने चोरीला गेले. तिने सोनारावर दावा लावला आणि ती हरली, कारण न्यायालयाच्या मते दररोज संध्याकाळी ती दागिन्यांचा ताबा परत घेत होती. पेटी दुसऱ्याच्या छपराखाली होती म्हणून ताबा दुसऱ्याकडे गेला असे होत नाही.

खोलीतल्या कपाटात किंवा खोलीतल्या इलेक्ट्रॉनिक तिजोरीत वस्तू ठेवणारा पाहुणा या स्त्रीच्या जागी उभा आहे, गाडीमालकाच्या जागी नाही. त्याने कोड स्वतः टाकलेला असतो, आत काय ठेवले हे हॉटेलला माहीत नसते, आणि हॉटेलने काही स्वीकारल्याची नोंद नसते. तिजोरीचा उपयोग नाही असा याचा अर्थ नव्हे. साफसफाईच्या वेळी उघड्यावर पडलेली घड्याळे आणि पाकिटे नजरेआड करण्याचे काम ती चांगले करते, अट एवढीच, की ती भिंतीला किंवा कपाटाला बोल्टने पक्की केलेली असावी; नसेल तर ती चोराला एकगठ्ठा उचलून नेता येते. पण पाहुणे कोड विसरतात, म्हणून हॉटेलच्या व्यवस्थापनाकडे मास्टर कोड किंवा आणीबाणीची चावी असतेच. म्हणजे तिजोरी उघडण्याचे साधन दोघांकडे, आणि जबाबदारी कागदावर एकाचीच. माझ्या मते एखादा वकील इथे सोनाराच्या खटल्यापासून फारकत घेऊन असा युक्तिवाद करू शकेल, की तिथे दुसरी चावी सोनाराकडे नव्हती, इथे ती हॉटेलकडे आहे, तेव्हा ती कशी आणि कोणाच्या हाती राहिली याचे उत्तर हॉटेलने द्यावे. २०१९ च्या निकालाने हा प्रश्न सोडवलेला नाही, कारण तो न्यायालयापुढे नव्हताच.

या युक्तिवादाला थोडे बळ मिळते ते बँकेच्या लॉकरसंबंधीच्या निकालातून. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की लॉकरमधील वस्तूंचे बेलमेंट होते की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी लॉकरची व्यवस्था नीट चालवण्याचे बँकेचे कर्तव्य स्वतंत्रपणे उभे राहते आणि ते बँकेला झटकता येत नाही. त्याही खंडपीठावर न्या. शांतनगौडर होते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सुधारित सूचना काढल्या. आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक अशा कारणांनी नुकसान झाल्यास लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट रकमेपर्यंत बँक जबाबदार, असे त्यांत ठरले. बँकेवर नियामक आहे म्हणून हे आकड्यांत ठरू शकले. खोलीतल्या तिजोरीबाबत हॉटेलांना असा आकडा कोणी घालून दिलेला नाही.

खोलीतून झालेल्या चोरीत हॉटेल पूर्ण सुटते असे मात्र समजू नये. दाराचे कुलूप नादुरुस्त असल्याचे सांगूनही ते बदलले नाही, कोणालाही ओळख न विचारता काउंटरवरून दुसरे कार्ड दिले, किंवा कर्मचाऱ्यानेच चोरी केली, तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येते. फरक एवढाच, की ती त्रुटी दाखवण्याचे काम आता पाहुण्याच्या अंगावर येते, आणि गाडीच्या प्रकरणात तेच काम हॉटेलच्या अंगावर होते.

हवाली करण्याची रीत

म्हणून मुहूर्ताचे दागिने काउंटरच्या तिजोरीत द्यायचे असतील तर ते नीट द्यावेत. नुसता डबा मॅनेजरच्या हाती देऊन ‘भाऊ, जरा सांभाळा’ म्हटले, तर ताबा गेला खरा, पण तो सिद्ध कसा करणार? गाडी ही या बाबतीत सोयीची वस्तू होती. तिला नोंदणी क्रमांक होता, नोंदणीपत्र होते, विम्यात ठरलेली किंमत होती, टॅग होते आणि तिला बाहेर पडताना पाहणारा सुरक्षारक्षक होता. गाडी होती की नव्हती, असा वाद कोणी घातला नाही. डब्यात चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या की नव्हत्या, असा वाद मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

त्यामुळे वस्तूंची यादी दोन प्रतींत करावी, शक्य तिथे वजन लिहावे, डबा किंवा पाकीट सर्वांसमोर बंद करून त्यावर सही करावी, आणि एका प्रतीवर हॉटेलचा शिक्का, तारीख, वेळ व स्वीकारणाऱ्याचे नाव घ्यावे. यादीच्या शेजारी वस्तू ठेवून मोबाइलवर फोटो काढावा. वस्तू परत कोणाला द्यायच्या, हेही त्याच कागदावर लिहून टाकावे. लग्नघरात ‘काकांनी मागितले म्हणून दिले’ हे वाक्य ऐकू येण्याची शक्यता चोराइतकीच खरी असते. अनेक हॉटेले अशी यादी स्वीकारायला का-कू करतात. ‘आम्ही पाकीट घेतो, आतले आम्हाला माहीत नाही’ अशी पावती देतात. तशी पावतीही काहीच नसण्यापेक्षा चांगली. पण हॉटेल काहीच लिहून द्यायला तयार नसेल, तर दागिने तिथे ठेवण्याऐवजी जवळच्या नातेवाइकाच्या घरी किंवा मुहूर्तापर्यंत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे अधिक शहाणपणाचे. खोली सोडल्यावर बॅगा लॉबीत बेलबॉयकडे ठेवतो, तेव्हाही ताबा जातोच; तिथे मिळणारा टोकन-बिल्ला जपून ठेवावा आणि ज्या बॅगेत मौल्यवान काही आहे ती त्या ढिगात देऊच नये.

चोरी झाल्यावर

पहिल्या तासात हॉटेलकडे लेखी मागणी करावी: दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाची नोंद आणि मजल्यावरील कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवावे. कार्डावर चालणारी बहुतेक कुलुपे कोणते कार्ड केव्हा लागले याची नोंद ठेवतात, आणि कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. मागणी ई-मेलने केली तर वेळेचा पुरावा आपोआप राहतो. पुढे आयोगापुढे हॉटेलने ही नोंद दिली नाही, तर का दिली नाही हे त्याला सांगावे लागेल.

पोलिसांत तक्रार त्याच गावी, पंचनामा होईल अशा वेळेत करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे आता हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते, पण घरी परतून दिलेल्या खबरीत खोलीची अवस्था कोणी पाहिलेली नसते. राहत्या किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी हेच दंड संहितेच्या कलम ३८० मध्ये होते. नुकसानभरपाईची वाट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळे जयपूरच्या हॉटेलात झालेल्या चोरीसाठी साताऱ्याच्या माणसाला जयपूरच्या फेऱ्या घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे.

विम्याचे काय, हा प्रश्न शेवटी उरतो. गाडीचा विमा कायद्यानेच काढावा लागतो, आणि त्यात चोरीचे संरक्षण बहुतेकांनी घेतलेले असते. दागिन्यांचा विमा फार थोडे लोक काढतात. प्रवास विम्यात रोकड आणि दागिने बहुधा वगळलेले असतात किंवा त्यांच्यासाठी अगदी लहान मर्यादा असते. घरविम्याला जोडून दागिन्यांसाठी ‘सर्व जोखीम’ प्रकारचे संरक्षण घेता येते आणि ते घराबाहेरही लागू पडू शकते, पण त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला लागतो, आणि कुलूपबंद नसलेल्या ठिकाणाहून झालेली चोरी त्यात धरली जाते की नाही, हे पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत पाहावे लागते. लग्नाच्या आठवड्याआधी ही यादी वाचून, शंका असेल तर कंपनीकडून ई-मेलवर उत्तर घेऊन ठेवावे.